इच्छापत्र, नॉमिनी, हक्कसोड आणि पागडीची खोली: बायका मला नेहमी विचारतात ते प्रश्न

आधी एक सांगते, मी वकील नाही. फोर्टमध्ये एका सॉलिसिटरच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं टायपिंग आणि फाइलिंग केलं, इच्छापत्रं टाइप केली, प्रोबेटच्या (म्हणजे इच्छापत्रावर कोर्टाचा शिक्का घ्यायच्या) फाइली हायकोर्टात नेऊन दिल्या. एवढ्या वर्षांत स्वतःचं इच्छापत्र करायला स्वतःहून आलेल्या बायका मी फारच थोड्या बघितल्या. बायका यायच्या त्या नवरा गेल्यावर नाहीतर वडील गेल्यावर, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात सगळे कागद कोंबलेले. रिटायर झाल्यापासून बिल्डिंगमधल्या, भिशीतल्या, ट्रेनच्या ग्रुपमधल्या सगळ्या हेच विचारतात म्हणून एकदाच लिहून काढतेय. तुमच्या केसमध्ये काही गुंता असेल तर वकिलाला दाखवाच.

माझ्या नावावर आहेच काय, मी कशाला इच्छापत्र करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ताई, जरा मोजा तरी. अंगावरचं सोनं, लॉकरमधलं सोनं, माहेरहून आलेल्या पाटल्या, स्वतःच्या पगाराचा पीएफ, ग्रॅच्युइटी, पोस्टातले पैसे, एफडी, म्युच्युअल फंडाची एसआयपी, अ‍ॅग्रीमेंटमध्ये दुसरं नाव तुमचं असेल तर फ्लॅटमधला हिस्सा. आणि आजकाल बरेच जण घर बायकोच्या नावावर घेतात कारण महाराष्ट्रात फक्त बायकांच्या नावावर घर घेतलं तर स्टँप ड्युटीत एक टक्का सूट आहे. म्हणजे कागदावर मालकीण तुम्ही, आणि तुम्हालाच वाटतं आपलं काही नाही.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम १४. बाईला मिळालेली मालमत्ता, मग ती वारसाने असो, बक्षीस असो, स्वतः कमावलेली असो, ती तिची पूर्ण मालकीची. नवऱ्याची परवानगी लागत नाही, मुलाचीही नाही. स्त्रीधन तर तुमचंच, १९८५ मध्ये प्रतिभा राणीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलंय की सासरच्यांकडे ते सांभाळायला दिलेलं असलं तरी मालकी बाईचीच.

मी इच्छापत्र केलं नाही तर माझं कुणाला जाणार? आईवडिलांना मिळेल ना?

इथे जरा थांबून वाचा, कारण हे माहीत नसल्यामुळेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

हिंदू बाई इच्छापत्र न करता गेली तर कलम १५ लागतं. पहिला नंबर मुलगा, मुलगी आणि नवरा, सगळ्यांना सारखं. (आधीच वारलेल्या मुलामुलीची मुलं असतील तर त्यांनाही त्यांच्या आईबापाचा वाटा.) यापैकी कुणीच नसेल तर दुसरा नंबर नवऱ्याच्या वारसांचा. हो, नवऱ्याच्या. सासू, दीर, नणंद, त्यांची मुलं. तुमचे स्वतःचे आईवडील तिसऱ्या नंबरवर येतात.

अपवाद दोनच. मूलबाळ नसेल तर आईवडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परत जाते आणि नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून वारसाने आलेली नवऱ्याच्या वारसांकडे. पण तुम्ही स्वतः नोकरी करून कमावलेलं, ते कुठल्याच अपवादात बसत नाही.

नारायणी देवींची केस आहे, ओम प्रकाश विरुद्ध राधाचरण, २००९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. १९५५ मध्ये लग्न झालं, तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. आईवडिलांनी परत घरी आणलं, शिकवलं, ती नोकरीला लागली, आयुष्यभर कमावलं. १९९६ मध्ये ती गेली, बँकेत आणि पीएफमध्ये बरेच पैसे होते आणि इच्छापत्र नव्हतं. आईने अर्ज केला. मिळाले कुणाला, तर नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. ज्यांनी चाळीस वर्षांत तिला विचारलं नव्हतं. कोर्टाने सांगितलं की सहानुभूती आहे पण कायदा असाच आहे. आमच्या ऑफिसात हा निकाल प्रिंट करून आला तेव्हा मी तो दोनदा वाचला आणि त्याच आठवड्यात माझं इच्छापत्र टाइप केलं, कारण मलाही मूल नाही.

एका पानाचं इच्छापत्र असतं तर त्या आईला कोर्टात जावंच लागलं नसतं. म्हणून ज्या एकट्या आहेत, विधवा आहेत, मूल नाही, किंवा नवऱ्यापासून वेगळ्या राहतात पण घटस्फोट झालेला नाही, त्यांनी तर उद्यावर टाकूच नका. घटस्फोटाची डिक्री होईपर्यंत नवरा तुमचा वारस असतो, दहा वर्षं तोंड बघितलं नसलं तरी.

नवरा गेल्यावर घर आपोआप बायकोचं होतं ना?

नाही होत. नवऱ्याने इच्छापत्र केलं नसेल तर बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि नवऱ्याची आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. आई असते त्यात, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. नवऱ्याचे वडील या पहिल्या रांगेतल्या वारसांत येत नाहीत.

समजा कांदिवलीचा फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे, घरात बायको, दोन मुलं आणि सासूबाई. चार हिस्से झाले, तुमचा पाव. पुढे सासूबाई गेल्या आणि त्यांनीही काही लिहून ठेवलं नसेल तर त्यांचा पाव त्यांच्या सगळ्या मुलांमुलींत वाटला जाणार, म्हणजे दीर नणंदा तुमच्या फ्लॅटमध्ये हिस्सेदार झाले आणि फ्लॅट विकायचा किंवा रिडेव्हलपमेंटला द्यायचा तर त्यांच्याही सह्या. माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाहीये, पण एक दीर दुबईला, एक नणंद बोलत नाही, एकीचा नवरा आडवा येतो, असं करत फाइल सात सात वर्षं पडून राहिलेली मी बघितलीय.

मुलं लहान असतील तर अजून एक गोष्ट. त्यांचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी लागते, आई असलात तरी. नवऱ्याने सगळं बायकोच्या नावे इच्छापत्र केलं असतं तर हे काहीच लागलं नसतं. म्हणून नवरा बायकोने दोघांनीही करायचं, आपापलं वेगवेगळं.

सोसायटीत नॉमिनी मी आहे, बँकेतही मीच आहे. मग झालं ना?

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हे वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवा. नॉमिनीच्या हातात पैसे येतात ते वारसांसाठी सांभाळायला. शेअर्सबद्दलही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानीच्या केसमध्ये हेच सांगितलं, नॉमिनी झाला म्हणून मालकी येत नाही.

मुंबईत सोसायटीचं तर फारच गैरसमजाचं आहे. सहकारी संस्था कायद्यात २०१९ ला सुधारणा होऊन कलम १५४ब-१३ आलं, त्यात नॉमिनीला सोसायटी प्रोव्हिजनल मेंबर करून घेते, म्हणजे तात्पुरता. पक्कं नाव लागायला इच्छापत्र, वारस दाखला, सक्सेशन सर्टिफिकेट (वारस कोण याचं कोर्टाचं प्रमाणपत्र) किंवा कुटुंबात आपसात झालेला रीतसर करारनामा लागतो. आणि असोसिएट मेंबर, म्हणजे मुख्य मेंबरसोबतचा जोड सभासद, म्हणून नाव असलं म्हणजे घरात हिस्सा आला असंही नाही. हिस्सा कुणाचा ते अ‍ॅग्रीमेंटवर कुणाचं नाव आहे आणि पैसे कुणी भरले त्यावरून ठरतं.

तरी नॉमिनेशन करायचं बरं का! उलट आजच करा, कारण ते नसेल तर तात्पुरते पैसेसुद्धा हातात येत नाहीत. सोसायटीचा फॉर्म तीन प्रतींत भरायचा, कमिटीच्या मीटिंगमध्ये नोंद झाली की एक प्रत परत मागून घ्यायची. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनीपर्यंत देता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. पीएफला लग्नानंतर नव्याने नॉमिनेशन भरावं लागतं, ते यूएएनच्या पोर्टलवर घरबसल्या होतं. कितीतरी मुली दोन मुलांच्या आया झाल्यात आणि पीएफला अजून लग्नाआधीचंच.

इन्शुरन्सचं थोडं वेगळं आहे. २०१५ पासून आईवडील, नवरा, बायको, मुलं यांना नॉमिनी केलं तर ते पैसे त्यांचेच मानायचे असा बदल आलाय. आणि धंदेवाल्या नवऱ्यांच्या बायकांनी मॅरिड वुमेन्स प्रॉपर्टी अ‍ॅक्टखाली पॉलिसी घ्यायला सांगा. १८७४ चा कायदा आहे, पण अजून खणखणीत चालतो. पॉलिसी घेतानाच तो फॉर्म भरायचा, मग ते पैसे बायको-मुलांचे, नवऱ्याच्या कर्जवाल्यांना त्याला हात लावता येत नाही. आधीच घेतलेल्या पॉलिसीला मागून ही सोय लावता येत नाही म्हणून फॉर्म भरतानाच एजंटला बोला.

वडील गेले, भाऊ हक्कसोडवर सही मागतोय. करू का?

यावर मला भरभरून बोलावंसं वाटतं.

आधी तुमचा हक्क काय ते समजून घ्या. वडिलांची स्वकष्टाची मालमत्ता असेल आणि इच्छापत्र नसेल तर मुलीला मुलाएवढाच हिस्सा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित असेल, कोकणातलं घर, घाटावरची शेती, तर महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना हिस्सा दिला, पण तेव्हा लग्न न झालेल्या मुलींनाच. मग ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राचा बदल आला, त्यात लग्नाची अट गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनिता शर्मा निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ ला वडील जिवंत होते की नव्हते याने फरक पडत नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या उघडत नाहीत. आणि हेही खरं की वडिलांनी स्वकष्टाचं घर इच्छापत्राने एकट्या भावाला दिलं असेल तर ते त्यांना देता येतं, मनाला लागलं तरी.

आता सहीचं. रजिस्टर केलेलं हक्कसोड पत्र परत घेता येत नाही. दबाव होता, फसवलं, हे नंतर कोर्टात सिद्ध करायचं म्हणजे वर्षं जातात. तेराव्याला सगळे जमलेले असतात, आई रडत असते, काका म्हणतात तुझं तिकडे चांगलं चाललंय, भावाला कशाला त्रास, नाहीतर माहेर तुटेल. त्या दिवशी कशावरही सही करू नका. कोऱ्या कागदावर नको, ‘नुसती वारस नोंदीसाठी आहे’ म्हणून सुद्धा नको, आधी वाचा. वारस नोंद म्हणजे सातबारावर सगळ्या वारसांची नावं चढवणं, त्यात तुमचं नाव यायलाच पाहिजे, आणि ती मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायची असते. हक्कसोड म्हणजे नाव काढून टाकणं. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये घालून सही घेतात, मी बघितलंय.

तुम्हाला मनापासून भावाला द्यायचं असेल तर द्या, तो तुमचा अधिकार आहे. पण किमतीचा आकडा माहीत करून घेऊन द्या. आणि आई जिवंत असेल तर पहिलं आईचं बघा, तुम्ही बहिणींनी भावाच्या नावे सोडण्यापेक्षा आईच्या नावे सोडलं तर तिच्या डोक्यावरचं छप्पर तिच्या हातात राहतं. हे मी जिला जिला सांगितलं तिने नंतर फोन करून थँक्यू म्हटलंय.

इच्छापत्र नेमकं करायचं कसं? खूप खर्च येतो का?

साधा कागद चालतो. स्टँप पेपर लागत नाही, स्टँप ड्युटी शून्य. मराठीत लिहा, हाताने लिहा, टाइप करा, सगळं चालतं. दोन साक्षीदार पाहिजेत, त्यांनी तुम्हाला सही करताना बघायचं आणि मग तुमच्यासमोर स्वतःच्या सह्या करायच्या. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना किंवा त्यांच्या नवऱ्या-बायकोला साक्षीदार घेऊ नका. साक्षीदार तुमच्यापेक्षा लहान घ्या, पंच्याहत्तरीच्या काकांना घेतलं आणि तेच आधी गेले तर पुढे साक्ष कोण देणार. प्रत्येक पानावर सही, तारीख, आणि वय साठच्या पुढे असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट की बाई शुद्धीत आणि समजून उमजून सही करतायत.

आत काय लिहायचं तर नाव, पत्ता, आधीची सगळी इच्छापत्रं रद्द, मग मालमत्ता नीट ओळखता येईल अशी: फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव, शेअर सर्टिफिकेट नंबर, बँक आणि शाखा. सोनं नुसतं ‘माझे दागिने’ असं लिहू नका, भांडणं तिथेच होतात. तोडे मोठ्या मुलीला, कोल्हापुरी साज सुनेला, नथ नातीला, असं एकेक लिहा. आणि शेवटी एक ओळ हवीच: वर लिहिलेलं सोडून बाकी जे काही माझं असेल ते अमुक व्यक्तीला. ही ओळ विसरली तर नंतर घेतलेली एफडी परत त्या कलम १५ च्या रांगेत जाऊन उभी राहते.

एक्झिक्युटर नेमा, म्हणजे तुमच्यामागे हे सगळं अमलात आणणारी व्यक्ती. मुलगी असेल तर मुलगीसुद्धा चालते. मुलं लहान असतील तर पालक कोण तेही लिहा.

रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण मी करायलाच सांगते, सब-रजिस्ट्रार ऑफिसात फी किरकोळ असते आणि कागद हरवला तरी नोंद राहते. नंतर मन बदललं तर नवीन करा, शेवटचं जे असेल तेच धरतात.

प्रोबेट म्हणजे काय, मुंबईत ते लागतंच म्हणतात?

प्रोबेट म्हणजे हे इच्छापत्र खरं आहे यावर कोर्टाचा शिक्का. मुंबई, चेन्नई, कोलकाता या तीन जागी ते वर्षानुवर्षं सक्तीचं होतं, इंग्रजांच्या काळापासून, पुण्यात नाही आणि मुंबईत लागतं अशी गंमत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ काढून टाकलं, त्यामुळे ती सक्ती गेली. पण कुणी इच्छापत्रालाच आव्हान दिलं तर कोर्ट चुकत नाही आणि सोसायटी किंवा बँक अडून बसली तरी प्रोबेट काढलेलं सोयीचं पडतं. महाराष्ट्रात त्याची कोर्ट फी जास्तीत जास्त ७५,००० रुपये, वकिलाची वेगळी.

आमची पागडीची खोली आहे गिरगावात. ती मुलीच्या नावे इच्छापत्रात लिहू का?

लिहून उपयोग नाही. पागडी म्हणजे भाडेकरूपण, मालकी नव्हे, आणि भाडेकरूपण इच्छापत्राने देता येत नाही असा सुप्रीम कोर्टाचा १९९४ चा निकाल आहे. भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरू गेला तेव्हा घरातलं जे माणूस त्याच्यासोबत तिथे राहत होतं, त्याच्याकडे भाडेपावती जाते. म्हणून आईसोबत राहून तिची सेवा करणाऱ्या मुलीने आपलं रेशनकार्ड, आधार, मतदार यादी, गॅसचं बिल, सगळं त्याच पत्त्यावर ठेवायचं. लग्न होऊन गेलेल्या विरारच्या मुलाचं नाव पावतीवर आणि घरात राहते मुलगी, रिडेव्हलपमेंटचा बिल्डर आला की तिला विचारत कुणी नाही. मालक जिवंतपणी दुसरं नाव लावायला तयार असेल तर लावून घ्या आणि कागद रजिस्टर करा.

मुलाला आत्ताच गिफ्ट डीड करून देऊ का, नंतरची कटकट नको?

स्वस्त आहे हे खरं. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलं, नातवंडं किंवा वारलेल्या मुलाची बायको यांना बक्षीस दिलं तर स्टँप ड्युटी २०० रुपये, मुंबईत त्यावर सेस वेगळा. पण राहतं घर हयातीत देऊ नका, काकू. इच्छापत्र रोज बदलता येतं, गिफ्ट डीड रजिस्टर झालं की घर गेलं. द्यायचंच असेल तर मुलगा मला शेवटपर्यंत सांभाळेल ही अट त्यातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली मग ते रद्द करून मागता येतं, जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशातल्या एका आईला असंच घर परत मिळवून दिलं.

आम्ही हिंदू नाही, आम्हालाही हेच लागू?

कलम १४, १५ नाही. ख्रिश्चन घरात इच्छापत्र नसेल तर मुलं असताना विधवेला एक तृतीयांश, बाकी मुलांना सारखं. पारशी घरात विधवा आणि मुलं सगळे सारखे. मुस्लिम बाईला साधारणपणे एक तृतीयांशच इच्छापत्राने देता येतं, जास्त द्यायचं तर वारसांची संमती. आणि ख्रिश्चन, पारशी मुलींनी लग्न झालं की इच्छापत्र नवं करायचं, लग्नाने जुनं रद्द होतं.

वारसाने मिळालं तर टॅक्स लागतो का?

नाही. तो टॅक्स १९८५ मध्येच बंद झाला. पुढे विकलं तर त्यावरचा टॅक्स वेगळा, तो सीएला विचारा.

नवऱ्याची खाती कुठे कुठे होती तेच माहीत नाही.

रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, त्यावर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून बऱ्याच बँकांत पडून राहिलेली खाती एकदम शोधता येतात. जुनी पासबुकं, टपालाने आलेली पाकिटं, इन्कम टॅक्सचे जुने रिटर्न, मोबाइलमधले बँकेचे मेसेज, सगळं चाळा. त्यांचा मोबाइल नंबर लगेच बंद करू नका, ओटीपी त्यावरच येतात. ही चूक इतक्या जणी करतात की पहिल्या आठवड्यात सांगायची गोष्ट हीच.

वकिलाचे पैसे परवडत नाहीत.

विधी सेवा कायदा १९८७ प्रमाणे प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती ते विचारत नाहीत. १५१०० वर फोन करा किंवा जवळच्या कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा.

इच्छापत्र केलं, आता ठेवू कुठे?

एकट्या तुमच्या नावाच्या लॉकरमध्ये नको. लॉकर उघडायला कागद लागतात आणि कागद लॉकरमध्ये, हे मी तीनदा बघितलंय. मूळ प्रत घरात ठराविक जागी किंवा एक्झिक्युटरकडे, झेरॉक्स विश्वासातल्या एका माणसाकडे. आत काय लिहिलंय ते कुणाला सांगायची गरज नाही, पण कुठे ठेवलंय ते दोन जणांना माहीत असू दे. माझं गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात, पैठणीच्या खाली आहे आणि ते माझ्या भाचीला आणि शेजारच्या वहिनींना माहीत आहे.